तण रविवारी निघत नाही: छोट्या वाडीच्या रोजच्या फेरीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराभोवती साधारण अर्धा एकर जागा, त्यात भाजीचे वाफे, पंधराएक फळझाडं, दहा कोंबड्या आणि दोन शेळ्या. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. सकाळी तासभर मिळतो, संध्याकाळी जेमतेम अर्धा तास. रोजचा वेळ जनावरांत जातो, तण रविवारसाठी राहतं, आणि अख्खा रविवार वाकून उपटलं तरी पुढच्या रविवारी वाफा पुन्हा हिरवागार. तणनाशक मारावं का, की वाडीच अर्धी करावी, असं विचारलंय.

मी गेली २४ वर्षं जवळपास एवढीच वाडी सांभाळते आहे, म्हणून आधी सरळ उत्तर देते. वाडी अर्धी करा, पण काही महिन्यांपुरती. तणनाशकानं तुमची अडचण सुटणार नाही, का ते पुढे सांगते. तुमच्या कष्टांत काही कमी नाही, तुमचा वार चुकतोय. तण हे आठवड्याचं काम म्हणून बाजूला ठेवलं की ते नेहमी हाताबाहेरच जातं, कारण तणाचं आयुष्य दिवसांत मोजलं जातं.

वाफ्याला पाणी दिल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी गुडघ्यावर बसून माती बोटानं हलकेच उकरून बघा. वर काही दिसत नसतं, पण मातीत पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक कोंब दिसतील. या अवस्थेतलं तण मारायला ताकद लागत नाही. वरची माती नुसती हलवली की ते दोरे उघडे पडतात आणि दुपारपर्यंत वाळून जातात. आठ-दहा दिवसांनी त्याला दोन खरी पानं येतात, तेव्हाही कोळप्याचा, म्हणजे वरची माती खरवडणाऱ्या अवजाराचा, एक हात पुरतो. तिसऱ्या आठवड्यात मात्र खुरपं लागतं. महिनाभरानं एकेक रोप मुळासकट ओढावं लागतं, आणि ओढताना शेजारचं भाजीचं रोपही हलतं. त्यानंतर फुलं, आणि मग बी. तुम्ही रविवारी जे उपटता ते बहुतेक या शेवटच्या अवस्थेतलं असतं. म्हणजे सगळ्यात महाग पडणाऱ्या वेळी तुम्ही कामाला हात घालता, आणि जे नुकतं उगवत असतं ते दिसत नाही म्हणून सुटतं. पुढच्या रविवारी तेच वर आलेलं असतं.

बियांबद्दलही एक गोष्ट मनात पक्की बसवून घ्या. १८७९ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं तणांच्या आणि इतर रानटी झाडांच्या बिया ओलसर वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरल्या आणि जमिनीत पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची आणि त्यातलं काय उगवतं ते पाहायचं, असा तो प्रयोग होता. तो अजून चालू आहे. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतल्या काही बिया १४० वर्षांहून जास्त काळ पुरलेल्या असूनही उगवल्या. सगळी तणं इतकी चिवट नसतात. बरीचशी बी चार-पाच वर्षांत कुजते, किडे-मुंग्या खातात. पण तुमच्या मातीत आज जेवढी बी आहे ती एका हंगामात संपणार नाही, हे धरूनच चालायचं. त्या साठ्यात नवी भर पडू द्यायची नाही आणि खालचा साठा उकरून वर आणायचा नाही, एवढं आपल्या हातात आहे.

खाली दडलेली बी वर आणायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे खोल खणणं. तणांची बी बहुतेक बारीक असते आणि वरच्या दोन-तीन सेंटीमीटर मातीतूनच उगवते. अनेक जातींना उगवण्यासाठी उजेडाचा इशारा लागतो, खणताना पडलेला क्षणभराचा उजेडही त्यांना पुरतो. म्हणून वाफा एकदा नीट तयार झाला की मी तो पुन्हा उलटापालटा करत नाही. खत वर पसरते, रोप लावायला लागेल तेवढंच छिद्र करते, आणि कोळपं दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा खाली जाऊ देत नाही. पहिल्या वर्षी फरक जाणवणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाफा स्वतःहून शांत व्हायला लागतो.

आता रोजच्या फेरीबद्दल. तुमचा सकाळचा तास जनावरांतच का संपतो, ते तपासायला हवं. दहा कोंबड्या आणि दोन शेळ्या यांना पंचवीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर तो चालण्यात आणि शोधण्यात जातोय. पाण्याची भांडी एकीकडे, खाद्य दुसरीकडे, झाडू तिसरीकडे, असं बहुतेक घरी असतं. मी एका सुट्टीत बसून माझी सकाळची वाट कागदावर काढली होती. खुराड्यापर्यंत माझ्या सहा खेपा होत होत्या. खाद्याचं पत्र्याचं पिंप खुराड्याच्या दाराशी नेलं, पाण्याच्या टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारी झडप) बसवला, शेळ्यांसाठी उंच गव्हाण केली, आणि खेपा दोनवर आल्या. गव्हाण उंच असण्याचे आणखीही दोन फायदे आहेत. शेळी जमिनीवर पडलेला, लेंड्या लागलेला चारा खाते तेव्हा पोटात जंत जातात, ते कमी होतं. आणि चाऱ्यातली बी गोठ्याबाहेर पसरत नाही.

क्रम मी असा ठेवते. सर्वांत आधी पाणी. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, कडक उन्हात त्याच्या दुप्पट. अंड्यावर असलेल्या कोंबडीला दिवसभर पाणी मिळालं नाही तर त्याचा परिणाम पुढे कित्येक दिवस अंड्यांवर दिसतो, म्हणून घाई असेल त्या दिवशी बाकी सगळं राहिलं तरी चालेल, पाणी राहता कामा नये. मग खाद्य. ते चालू असताना जनावरांकडे दोन मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं: कोण मागे राहतंय, कोण लंगडतंय, कोणाची लेंडी पातळ आहे. हे बघणं मी कधीही कापत नाही, कारण आजार पहिल्या दिवशी इथेच कळतो. मग अंडी, ओलं झालेलं तेवढंच अंथरूण काढणं, त्यावर कोरडा भुसा किंवा पाचट. संपूर्ण खुराडं रोज झाडायची गरज नाही. जाड आणि कोरडं अंथरूण ठेवलं की कोंबड्या ते स्वतः उकरून हलवत राहतात.

आणि मग तणाची पंधरा मिनिटं. इथे माझी पद्धत जशीच्या तशी सांगते, कारण माझी वाडी याच गोष्टीनं वाचली. भाजीच्या सगळ्या वाफ्यांचे सहा भाग करायचे. सोमवार ते शनिवार रोज एक भाग, फक्त पंधरा मिनिटं. तण दिसो वा न दिसो, त्या भागातली वरची माती कोळप्यानं हलवून पुढे जायचं. प्रत्येक भागाची पाळी सात दिवसांनी येते, म्हणजे कोणत्याही तणाला दुसऱ्या-तिसऱ्या पानाच्या पुढे जायला सवडच मिळत नाही. "काहीच उगवलेलं नाही, आज सोडून देऊ," असं वाटेल तो दिवस खरा महत्त्वाचा. त्या दिवशी मातीत ते पांढरे दोरे असतात.

कोळपं आणि खुरपं खुराड्याच्या दाराशीच खिळ्याला टांगा, शेजारी एक बादली. अवजार घरात ठेवलं की ते आणायला जाणं होत नाही. अवजाराला धार हवी. पंधरा दिवसांतून एकदा कानस घेऊन पात्याच्या एकाच बाजूनं चार-पाच हात मारायचे, एवढं पुरतं. बोथट कोळप्यानं तण कापलं जात नाही, मातीत दाबलं जातं, आणि पुन्हा उभं राहतं. उभ्यानं चालवता येईल एवढा लांब दांडा घ्या. कंबर दुखायला लागली की पद्धत कितीही चांगली असली तरी दोन महिन्यांत सुटते.

पाण्याची वेळही याला जुळवून घ्या. आज जो भाग कोळपायचा त्याला काल संध्याकाळी पाणी दिलेलं नको. दोन दिवस आधी दिलेलं असावं, वरची माती कोरडी आणि खाली ओल, असा वाफसा असावा. कोळपल्यावर तो दिवस पाणी नाही. ओल्या मातीत कापलेलं तण संध्याकाळपर्यंत पुन्हा मुळं धरतं, मग आपण ते काढलं नाही, जागा बदलून लावलं असं होतं. ठिबक असेल तर फारच सोपं, कारण दोन ओळींमधली माती कोरडी राहते आणि तिथे तणच कमी उगवतं.

नवीन वाफा पेरायचा असेल तेव्हा घाई करू नका. वाफा पूर्ण तयार करा, पाणी द्या, आणि तसाच रिकामा सोडा. आठ-दहा दिवसांत तण उगवेल. ते वरवर कोळपून मारा. जमलं तर आणखी एकदा पाणी देऊन हेच करा, आणि मग माती न उकरता बी पेरा. वरच्या थरातली उगवायला तयार असलेली बी अशी आधीच खर्च होते. गाजर, कांदा, कोथिंबीर यांसारखी सावकाश उगवणारी पिकं मी याशिवाय घेतच नाही. आणि पिकाच्या आयुष्याचा पहिला तिसरा हिस्सा सर्वांत जपा. नव्वद दिवसांचं पीक असेल तर पहिले तीस दिवस. तेवढ्या काळात वाफा स्वच्छ राहिला की पुढे पिकाची सावली अर्धं काम करते. नंतर उगवलेल्या तणानं उत्पन्न फारसं घटत नाही, फक्त त्याला बी धरू द्यायचं नाही.

हे सगळं झालं बियांपासून येणाऱ्या तणांचं. आता ज्यांच्यावर ही पद्धत एकटी चालत नाही, त्यांच्याकडे येते. तुम्ही लिहिलंय की एका कोपऱ्यात कितीही उपटलं तरी चार दिवसांत "गवताच्या सुया" वर येतात. वर्णनावरून तो लव्हाळा आहे. देठ बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागल्या तर बहुधा तोच. लव्हाळ्याला जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांमध्ये धरतात, तेव्हा तुमचं काही चुकलं म्हणून तो आला असं समजू नका. त्याच्या गाठी जमिनीत साखळीसारख्या जोडलेल्या असतात. साखळीच्या टोकाची गाठ जागी असते आणि तिच्यामुळे मागच्या गाठी झोपून राहतात. आपण वरून ओढतो तेव्हा साखळी तुटते आणि झोपलेल्या गाठी एकेक करून कोंब काढतात. म्हणून उपटल्यावर तो वाढल्यासारखा दिसतो. प्लॅस्टिकचं पातळ आच्छादनही तो टोकानं भोसकून वर येतो.

त्याची दुखरी नस दोन ठिकाणी आहे: सावली त्याला सोसत नाही, आणि गाठ वाळली की मरते. कोंब वर आल्यापासून साधारण तीन ते सहा आठवड्यांत तो नव्या गाठी धरायला लागतो. त्याआधी, म्हणजे दर दोन आठवड्यांनी, तो जमिनीलगत कापत राहिलं तर जुन्या गाठीतला साठा संपत जातो आणि नवी गाठ तयार होत नाही. एक हंगाम सलग हे करावं लागतं, मध्ये महिनाभर सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. कोरड्या, कडक उन्हाच्या दिवसांत तो कोपरा वीसेक सेंटीमीटर खणून गाठी वर उघड्या टाका, दर आठवड्याला पलटा, आणि त्या काळात तिथे थेंबभर पाणी नको. खोल खणू नका असं मी वर म्हटलं त्याला हा एकच अपवाद. त्यानंतर तिथे दाट सावली करणारं काहीतरी लावा, रताळ्याचे किंवा भोपळ्याचे वेल किंवा दाट पेरलेली चवळी. माझ्याकडचा असा एक तुकडा पूर्ण मोकळा व्हायला तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षाच्या शेवटी निम्मासुद्धा कमी वाटला नव्हता. या कोपऱ्यात वापरलेलं फावडं दुसऱ्या वाफ्यात नेण्याआधी धुऊन घ्या, गाठी मातीबरोबर प्रवास करतात.

हरळीची तऱ्हा वेगळी. ती जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही. तिचा तुकडा तुकडा जगतो, म्हणून हरळी असलेल्या जागेत रोटरी टिलर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं यंत्र) कधीही फिरवू नका, एका रोपाची शंभर रोपं होतात. काट्यांच्या फावड्यानं माती सैल करून तिची मुळं अखंड ओढून काढायची आणि फरशीवर किंवा पत्र्यावर कडक वाळवायची. हरळी बहुतेक वेळा वाफ्यात उगवत नाही, कडेनं चालत येते. म्हणून वाफ्यांभोवती पाऊलभर रुंदीची उघडी पट्टी ठेवा आणि रविवारी तिच्यावरून एकदा धारदार कोळपं फिरवा. आत आलेले धुमारे त्याच वेळी कापले जातात.

घोळ आणि केना या दोघांबद्दल फक्त एवढंच: कापून जागेवर टाकू नका. घोळीचं मांसल खोड उपटल्यावरही कित्येक दिवस जिवंत राहतं, पुन्हा मुळं धरतं, आणि फुलावर आलेली असेल तर पडल्या पडल्या बी पिकवते. केन्याच्या पेरापेरांतून मुळं फुटतात, शिवाय तो जमिनीखालीही फुलं धरून तिथेच बी तयार करतो. ही दोन्ही तणं सरळ बादलीत. कोवळी घोळ कोंबड्या आवडीनं खातात.

आच्छादनाबद्दल विचारलं नाहीत, पण तुमचा निम्मा प्रश्न तिथे सुटतो. उघडी माती तणाला आमंत्रण देते. पालापाचोळा, पाचट, वाळलं गवत, लाकडाचा चुरा, जे सहज मिळेल ते. थर आठ-दहा सेंटीमीटर हवा. त्यापेक्षा पातळ थर तणाला मदतच करतो, कारण ओल टिकते आणि उजेडही खाली पोहोचतो. झाडाच्या बुंध्याला मात्र आच्छादन चिकटू देऊ नका, वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर साल कुजते आणि वाळवी लागते. लाकडाच्या चुऱ्यामुळे जमिनीतलं नत्र संपतं अशी भीती अनेकांना असते. चुरा मातीत मिसळला तर ते खरं आहे. वर पसरला तर परिणाम फक्त त्या पातळ सांध्यापुरता राहतो, खालच्या मुळांना तो पोहोचत नाही. फळझाडांखाली मी आधी पुठ्ठ्याचे दोन थर घालते, सांधे वीतभर एकमेकांवर चढवून, चिकटपट्टी आणि पिना काढून, नीट भिजवून, आणि त्यावर पालापाचोळा. पुठ्ठा काही महिन्यांत कुजून जातो, तोवर खालचं तण उजेडावाचून संपलेलं असतं.

हाच पुठ्ठा तुम्हाला वाडी अर्धी करायला उपयोगी पडेल. ज्या वाफ्यांना आत्ता पंधरा मिनिटांच्या फेरीत बसवता येत नाही ते तसेच रानावर सोडू नका, तिथलं तण बी धरेल आणि चांगल्या वाफ्यांतही पसरेल. ते कापून, पुठ्ठा आणि जाड आच्छादन घालून बंद करा. वर्षातल्या सगळ्यात तापत्या दिवसांत आणखी एक उपाय आहे: वाफा सपाट करून भरपूर ओला करायचा, त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. प्लॅस्टिक पारदर्शकच हवं, ऊन आत जाऊन माती तापते आणि वरच्या थरातली बरीच बी मरते. १९७० च्या दशकात इस्रायलमध्ये याकोव कटान यांनी ही पद्धत पुढे आणली, मुळात जमिनीतल्या रोगांसाठी. लव्हाळा आणि हरळी यांच्या खोलवरच्या भागांवर तिचा भरवसा धरू नका.

शेळ्या आणि कोंबड्या तण खातील, या आशेनं बरेच जण त्या घेतात. काही अंशी ते खरं आहे. शेळी मुळात पाला ओरबाडणारी आहे, झुडपं आणि वेल ती साफ करते, गवताला दुय्यम मानते. फळझाडांत तिला मोकळं सोडलं तर ती आधी तुमच्या झाडांची साल खाईल. तिला कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला दाव्यावर ठेवा, आणि समोर घाणेरी किंवा धोतरा नाही ना ते बघा. घाणेरीनं जनावरांचं यकृत बिघडतं, धोतरा तर सगळाच विषारी. कोंबड्या एक पीक निघून दुसरं लागण्याच्या मधल्या काळात रिकाम्या वाफ्यावर दोन-तीन आठवडे जाळीत ठेवाव्यात. त्या बी वेचतात, कोंब उकरतात, किडेही खातात. उभ्या पिकात मात्र तासाभरात सगळं उकरून टाकतील. आणि ताज्या विष्ठेतले जंतू लक्षात घ्या. मातीला टेकणारी आणि कच्ची खाल्ली जाणारी भाजी असेल तर कोंबड्या काढल्यापासून तोडणीपर्यंत १२० दिवसांचं अंतर ठेवा. ते जमत नसेल तर तिथे शिजवून खायची भाजी लावा.

जनावरांकडूनच तण वाडीत येतंही. शेळीच्या पोटातून अनेक बिया जिवंत बाहेर पडतात. लेंड्या थेट वाफ्यात टाकत असाल तर दर आठवड्याला तुम्ही स्वतः तण पेरताय. खताचा ढीग नीट तापला, आतला भाग ५५ ते ६० अंश सेल्सिअसवर काही दिवस राहिला, आणि बाहेरचं आत येईल असा चार-पाच वेळा पलटला, तर बहुतेक बी मरते. त्यासाठी ढीग किमान कंबरभर उंच आणि तेवढाच रुंद हवा. दोन शेळ्यांच्या लेंड्यांचा एवढा ढीग लवकर होत नाही, म्हणून कोंबड्यांचं अंथरूण आणि ओला पाला त्यात घाला. लव्हाळ्याच्या गाठी, हरळी आणि बी धरलेलं कुठलंही तण या ढिगात टाकू नका.

विकतच्या खताबद्दल एक अनुभव सांगायलाच हवा. एका वर्षी मी ट्रॉलीभर कुजलेलं शेणखत विकत घेतलं. टोमॅटोची नवी पानं नेच्यासारखी वळली, चवळी उगवून आखडली, मका मात्र ठणठणीत. त्या जनावरांनी खाल्लेल्या गवतावर रुंद पानांची तणं मारणारं औषध फवारलेलं असणार. अमिनोपायरॅलिडसारखी काही औषधं जनावराच्या पोटातून आणि खताच्या ढिगातूनही शाबूत राहतात, आणि लक्षणं तंतोतंत तीच होती. दोन हंगाम तिथे फक्त मका घेतला. तेव्हापासून बाहेरचं खत आलं की मी ते आधी तीन कुंड्यांत मातीत मिसळून घेवडा लावते, शेजारी तीन कुंड्या नुसत्या मातीच्या. तीन आठवड्यांत पानं सरळ आली तरच खत वाफ्यात जातं.

आता तणनाशक. तुम्ही ज्याचं नाव लिहिलंय ते ग्लायफोसेट १९७४ पासून बाजारात आहे. ते हिरव्या पानांतून मुळांपर्यंत जातं, पण मातीतल्या बीला काहीच करत नाही. फवारल्यावर पंधरा दिवसांनी तुमचा वाफा पुन्हा हिरवा होईल, आणि उभ्या भाजीत तर ते मारताच येत नाही. लव्हाळ्याच्या ज्या गाठी झोपलेल्या असतात त्यांच्यापर्यंतही ते नीट पोहोचत नाही. आरोग्याबद्दल म्हणाल तर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला "बहुधा कर्करोगकारक" गटात घातलं. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामक संस्थांनी मात्र तसा निष्कर्ष काढलेला नाही. माझं स्वतःचं मत असं की, जिथे शेळ्या-कोंबड्या फिरतात आणि मुलं खेळतात अशा अर्ध्या एकरात त्याची गरज नाही. तरीही कुंपणाकडच्या एखाद्या हट्टी झुडपासाठी वापरायचंच असेल तर लेबलवरचं प्रमाण, हातमोजे, वारा नसलेली वेळ, आणि लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत जनावरं दूर, यातलं काही सोडू नका. घरगुती व्हिनेगरनं कोवळं तण वरून जळतं, मूळ राहतं. तीव्र व्हिनेगर डोळ्यांना गंभीर इजा करतं. मीठ कधीच टाकू नका, मातीची घडणच बिघडते. फरशीच्या फटींतल्या तणावर उकळतं पाणी ओतलं की काम होतं.

गाजरगवत कुंपणाला लागून आहे असं म्हणालात. त्याला या हप्त्यातच हात घाला, फुलायच्या आत. एका मोठ्या झाडाला १०,००० हून जास्त बी धरते. माती ओली असताना मुळासकट उपटा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घालून, कारण अनेकांना त्यानं त्वचेवर पुरळ उठतं आणि परागांनी दम लागतो. एकदा अंगावर उठलेल्या माणसानं ते काम पुन्हा करू नये, घरातल्या दुसऱ्यानं करावं. शेळ्यांना ते घालू नका.

रविवार मोकळा होईल तो मोठ्या कामांसाठी: ढीग पलटणं, कडेची पट्टी, आच्छादनाची भर, बांधावरचं गवत कापणं. बांध पूर्ण उघडा करू नका, माती वाहून जाते. गवत राहू द्या, फक्त तुरा येण्याआधी वीतभर उंचीवर कापा. संध्याकाळचा अर्धा तास पाण्याला, तोडणीला आणि खुराडं बंद करण्याला द्या. तेव्हा तण काढायला बसू नका, कमी उजेडात रोपं कापली जातात.

सुरुवात सोमवारी तुमच्या सर्वांत चांगल्या वाफ्यापासून करा, सर्वांत वाईटापासून नको. चांगला वाफा पंधरा मिनिटांत स्वच्छ होतो आणि स्वच्छ राहतो. तीन वाफे उघडे ठेवा, बाकीच्यांवर पुठ्ठा. तीन वाफ्यांचे सहा भाग, म्हणजे रोज अर्धा वाफा. सलग चार आठवडे रोजचा भाग पंधरा मिनिटांच्या आत आटपला की चौथा वाफा उघडा. त्यानंतर वेळ वीस मिनिटांवर जायला लागला, तर पाचवा उघडण्याआधी महिनाभर थांबा.